बीएस्सी फिजिक्स करताना कॉलेजबाहेर काय काय मिळालं? कोल्हापूरकरांचा अनुभव धागा

नमस्कार मंडळी. धाकट्या भावानं यंदा बीएस्सीला फिजिक्स घेतलंय आणि घरात जेवताना रोज एकच विषय, याचं पुढं काय. मामा म्हणतोय बीएड कर, शेजारचे काका म्हणतायत बँकेच्या परीक्षा दे, आणि तो स्वतः म्हणतोय मला रिसर्च करायचाय पण म्हणजे नक्की काय करायचं ते कुणी सांगत नाही. मी राजाराम कॉलेजचा, पण माझं शिक्षण होऊन बरीच वर्षं झाली, तेव्हा आम्हाला प्रॅक्टिकलची जर्नल पूर्ण करणं एवढंच फिजिक्स माहीत होतं. म्हणून हा धागा. कॅम्प, परीक्षा, प्रोजेक्ट, स्पर्धा, समर फेलोशिप, जे काही तुम्ही केलंय ते लिहा. नुसत्या लिंका टाकू नका, तिथं गेल्यावर काय झालं ते लिहा. गडहिंग्लज, इचलकरंजी, सांगली, सातारा सगळ्यांनी लिहा, विद्यापीठ एकच आहे की.

महाद्वारवाला

मी सुरुवात करतो. आमचा टीवायचा प्रोजेक्ट अंबाबाईचा किरणोत्सव होता. घरच्यांना वाटलं पोरगं देवधर्माला लागलं, पण सांगतो यात फिजिक्स किती आहे ते. नोव्हेंबरात ९, १०, ११ आणि मग ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी, या दिवशी मावळतीची किरणं महाद्वारातून गाभाऱ्यापर्यंत येतात. आता २१ डिसेंबर मध्ये धरा. १० नोव्हेंबर त्याच्या ४१ दिवस आधी आणि ३१ जानेवारी ४१ दिवस नंतर. म्हणजे सूर्य दोन्ही वेळेला खगोलीय विषुववृत्ताच्या साधारण १७ अंश दक्षिणेला असतो, त्यामुळं मावळतो पण जवळपास एकाच जागी, आपल्याकडून बघितलं तर नेमक्या पश्चिमेपासून सुमारे १८ अंश दक्षिणेकडं. हे गणित आम्ही कागदावर आधी काढलं आणि मग संध्याकाळी तिथं जाऊन बघितलं, तेव्हा जे वाटलं ते कुठल्याच प्रॅक्टिकलला वाटलं नव्हतं.

एकाच संध्याकाळी पण किरणं आधी खाली फरशीवर असतात, मग पायरी, मग वर चढतात, कारण सूर्य जसा खाली जातो तशी किरणं आडवी होत जातात. आम्ही लक्समीटर (उजेड मोजायचं यंत्र) घेऊन वाटेतल्या प्रत्येक टप्प्याला रीडिंग घेत होतो. गर्दीत लक्समीटर धरून उभं राहणं काय असतं ते ज्यानं केलंय त्यालाच कळंल, एका आजींनी मला विचारलं की बाळ हे प्रेशर मोजायचं मशीन आहे का. शेवटच्या काही मिनिटांत सूर्य क्षितिजाला टेकलेला असतो, त्यामुळं जरा ढग, धूळ, धुकं किंवा वाटेत एखाद्या इमारतीचा कोपरा आला की रीडिंग धाडकन खाली. डिक्लिनेशन (म्हणजे वरचं ते सूर्याचं १७ अंशांचं अंतर), हवेतलं स्कॅटरिंग, अपवर्तन, एरर अॅनालिसिस सगळं एका प्रोजेक्टमध्ये आणि खर्च जवळपास शून्य. मी तर म्हणतो कोल्हापुरातल्या पोरांनी हा विषय आधी संपवावा आणि मग बाकीची मॉडेलं करावीत. तसंच मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आपल्याकडं शून्य सावलीचा दिवस (भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर, उभ्या काठीला सावलीच नाही) येतो, ऑगस्टच्या सुरुवातीला परत येतो पण तेव्हा आपल्या पावसात सूर्य दिसला तर नशीब.

मानखुर्द रिटर्न

मी होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या एनआययूएसला, म्हणजे कॉलेजच्या मुलांसाठीच्या विज्ञान कॅम्पला, गेलो होतो. मुंबईत मानखुर्दला आहे, टीआयएफआरचंच (टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं) केंद्र. लवकर अर्ज करावा लागतो, फर्स्ट इयरला असतानाच डोळे उघडे ठेवा, आमच्याकडं बहुतेकांना टीवायला कळतं की असं काही होतं. महालक्ष्मी एक्सप्रेसनं सकाळी सीएसएमटीला उतरायचं आणि तिथूनच हार्बरची लोकल धरायची, सरळ मानखुर्द.

तिथं पहिल्याच दिवशी टेबलावर उपकरण ठेवलं आणि कृती दिलीच नाही. आपल्याकडं जर्नलमध्ये उद्दिष्ट, साहित्य, कृती, निष्कर्ष असं सगळं आधीच छापलेलं असतं, आपण मधले आकडे भरायचे. तिथं सरांनी विचारलं काय दिसतंय आणि पुढं काय मोजशील. मी गप्प. शेजारी दिल्लीची मुलगी होती ती फाडफाड इंग्लिश बोलत होती, मला वाटलं झालं आपलं, पण दुसऱ्या दिवशी व्हर्नियर आणि मायक्रोमीटर हातात आल्यावर कळलं की आपले हात बसलेत, तिला सेटअप जुळवता येत नव्हता. नंतर आम्ही पार्टनरच झालो. इंग्लिशची भीती असेल तर मनातून काढा, तिथं कुणी व्याकरण तपासत नाही, ग्राफवर एरर बार (मोजमाप किती चुकू शकतं ते दाखवणारी रेघ) काढलास का एवढंच बघतात.

एक पालक

खर्च किती येतो हो अशा कॅम्पला? आमची मुलगी एसवायला आहे, तिच्या मैत्रिणी कुठल्यातरी खाजगी इंटर्नशिपला पैसे भरून जातायत.

मानखुर्द रिटर्न

काका, सरकारी संस्थांच्या कॅम्पला निवड झाली की राहणं-खाणं बहुतेक वेळा तेच बघतात, काही ठिकाणी प्रवासखर्च आणि मानधन पण असतं. जिथं तुम्हीच भरमसाठ फी भरून सर्टिफिकेट घ्यायचं तिथं जरा दहादा विचार करा.

राधानगरीची

काकांच्या मुलीसाठी लिहिते. मी पुण्याला आयुका आणि एनसीआरए या खगोलशास्त्राच्या संस्था मिळून कॉलेजच्या मुलांसाठी जी रेडिओ खगोलशास्त्राची विंटर स्कूल घेतात तिला गेले होते, डिसेंबरात असते. घरी परवानगी मिळवणं हाच मोठा एंट्रन्स होता, बाबांनी स्वतः येऊन हॉस्टेल बघितलं आणि मगच परत गेले.

तिथं डीटीएचची असते तसली साधी डिश आणि रिसीव्हर. आधी डिश रिकाम्या आकाशाकडं फिरवली, रीडिंग कमी. मग सूर्याकडं, वाढलं. मग सर म्हणाले आता तू समोर उभी रहा. उभी राहिले तर रीडिंग वाढलं! म्हणजे मी रेडिओ लहरी सोडते. सोपं आहे, आपलं शरीर सुमारे ३१० केल्व्हिनला आणि आकाश त्यापेक्षा कितीतरी थंड, पण ब्लॅक बॉडीचा (तापमानानुसार वस्तू लहरी सोडते तो) धडा पाठ करून पेपरात लिहिलेला असताना मला हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. नंतर हॉर्न अँटेनानं आकाशगंगेतल्या हायड्रोजनची २१ सेंटिमीटरची रेषा बघितली, १४२० मेगाहर्ट्झच्या आसपास एक छोटा उंचवटा. त्या उंचवट्याची जागा जराशी सरकलेली असते आणि त्यावरून डॉप्लरनं त्या ढगाचा वेग काढायचा. तो ग्राफ मी अजून मोबाईलमध्ये ठेवलाय.

आणि २८ फेब्रुवारीच्या सुमाराला नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीवर विज्ञान दिनाचं प्रदर्शन असतं, कॉलेजची मुलं पण मॉडेल घेऊन जातात. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश. फोटोत काही कळत नाही, खाली उभं राहिल्यावर मान दुखते. आमच्या कॉलेजात विज्ञान दिन म्हणजे रांगोळी, पाहुण्यांचा सत्कार आणि श्रीफळ, असो.

पिवळी काच

विद्यापीठ इथंच विद्यानगरात असताना लोक मुंबई-पुण्याचं काय घेऊन बसलेत. शिवाजी विद्यापीठाचा फिजिक्स डिपार्टमेंट थिन फिल्मसाठी (काचेसारख्या पृष्ठभागावर चढवलेले अगदी पातळ थर) ओळखला जातो. आमच्या सरांनी तिथल्या एका रिसर्च करणाऱ्या दादाची ओळख करून दिली आणि सुट्टीत मी जायला लागलो. पहिले काही दिवस नुसत्या काचपट्ट्या धुतल्या, खोटं नाही सांगत, साबण, ॲसिड, डिस्टिल्ड वॉटर, परत धू. मग दादानं सिलार शिकवलं, एका बीकरमध्ये काच बुडवायची, धुवायची, दुसऱ्यात बुडवायची, धुवायची, आईच्या कपडे रंगवण्यासारखंच, फक्त इथं थर नॅनोमीटरमध्ये वाढतो. व्हॅक्यूम बिक्यूम काही लागत नाही म्हणून तर ही पद्धत आपल्यासारख्या ठिकाणी रुजली. कॅडमियम सल्फाइडची फिल्म पिवळी का दिसते, तर बँड गॅप (इलेक्ट्रॉनला वरच्या पातळीत उडी मारायला लागणारी ऊर्जा) २.४ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास, निळा प्रकाश शोषला जातो आणि उरलेला आपल्याला दिसतो. टाऊक प्लॉट (शोषलेल्या प्रकाशावरून बँड गॅप काढायचा ग्राफ) काढून तोच आकडा जवळपास आला तेव्हा मी लॅबमधनं ओरडत बाहेर आलो. पण कॅडमियम विषारी असतं, ग्लोव्हज घातल्याशिवाय दादा हात लावू द्यायचा नाही.

तेच काम मग आविष्कारला, म्हणजे विद्यार्थ्यांच्या संशोधन स्पर्धेला, पोस्टर म्हणून मांडलं. आधी जिल्हा, मग विद्यापीठ, मग राज्य अशा पायऱ्या असतात. मी विद्यापीठ पातळीवर अडकलो, पण परीक्षकांनी जे खोदून खोदून विचारलं त्यानं माझी एमएस्सीची मुलाखत सोपी गेली.

टेकडीवरचा

विद्यापीठाच्या कॅम्पसवर भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं केंद्र आहे, एमएफ (मध्यम फ्रिक्वेन्सीचं) रडार आहे तिथं. सुमारे २ मेगाहर्ट्झच्या लहरी वर सोडतात, म्हणजे तरंगलांबी जवळपास १५० मीटर, त्या आयनोस्फिअरच्या (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित भागाच्या) खालच्या थरातून थोड्या थोड्या परत येतात आणि वेगवेगळ्या ठिकाणच्या अँटेनांवर त्या कशा सरकतात त्यावरून ८०-९० किलोमीटर उंचीवरचा वारा मोजतात. सायबर चौकातून रोज येजा करणाऱ्यांना पत्ता नसतो. ग्रुपनं, सरांचं पत्र घेऊन, नीट विचारून जा.

स्पष्ट बोलतो

सगळं छान आहे पण पोटापाण्याचं बोला. सर्टिफिकेटं फाइलीत लावून काय होत नाही, आयआयटी जॅम (एमएस्सीसाठीची प्रवेश परीक्षा) काढा. ३ तास, ६० प्रश्न, १०० मार्क. बहुपर्यायीला निगेटिव्ह आहे, न्यूमेरिकलला नाही, त्यामुळं न्यूमेरिकल एकही सोडू नका. आपल्या विद्यापीठाच्या पेपरात डेरिव्हेशन पाठ करून चालतं, जॅमला नाही चालत. मी राजारामपुरीत अभ्यासिका लावली होती, सकाळी सातला जायचो. आणि आयएपीटीची (फिजिक्स शिक्षकांच्या संघटनेची) एनजीपीई परीक्षा पण द्या, जानेवारीत असते, बीएस्सीवाल्यांसाठीच. तिचा पेपर बघितला की कळतं आपण किती पाण्यात आहोत.

पिवळी काच

भावा, जॅमला माझ्या पुढं रँक असलेले दोघंजण नंतर लॅबमध्ये कंटाळून सोडून गेले. दोन्ही लागतं की.

शिकवणारी बाई

मी एका कॉलेजात फिजिक्स शिकवते, कुठल्या ते राहू दे. या धाग्यातली मुलं ज्यावर बोललीच नाहीत ते सांगते, शिफारसपत्र. बंगळूरची इंडियन ॲकॅडमी ऑफ सायन्सेस, इन्सा आणि नासी या तीन अकादम्या मिळून समर रिसर्च फेलोशिप देतात, उन्हाळ्यात दोन महिने देशातल्या एखाद्या शास्त्रज्ञाबरोबर काम. फॉर्म साधारण नोव्हेंबरपर्यंत भरायचा असतो, म्हणजे दिवाळीच्या सुट्टीत. मुलं शेवटच्या रात्री फोन करतात, बाई पत्र द्या. मी काय लिहू? विद्यार्थी प्रामाणिक व होतकरू आहे? असली पत्रं ढिगानं येतात तिकडं. जुलैपासून एखाद्या शिक्षकाकडं जाऊन बसा, प्रश्न विचारा, एखादं उपकरण दुरुस्त करा, मग मला लिहायला काहीतरी मिळतं. गेल्या वर्षी एका मुलानं आमचा बंद पडलेला स्पेक्ट्रोमीटर साफ करून चालू केला, त्याचं पत्र लिहायला मला दहा मिनिटं पण लागली नाहीत. आणि तुम्हाला काय करायचंय ते जे लिहायला सांगतात ना, तिथं लहानपणापासून मला ताऱ्यांची ओढ होती असं लिहू नका, कुठलं प्रॅक्टिकल केलं, काय जुळलं नाही, का जुळलं नाही ते लिहा.

धागा काढणारा

बाई, फार उपयोगी पडलं. भावाला वाचायला दिलंय, तो पिवळी काच यांना भेटायचं म्हणतोय. त्याचा एक प्रश्न, फर्स्ट सेमला मॅथ्सचा एक विषय राहिलाय, तरी कुठं अर्ज करावा का?

शिकवणारी बाई

आधी तो विषय काढ म्हणावं, बऱ्याच ठिकाणी मार्कशीट मागतात. पण विद्यापीठातल्या लॅबमध्ये काचपट्ट्या धुवायला कुणी मार्कशीट मागत नाही, तिकडं उद्याच जाऊ दे.

पिवळी काच

उद्या नको, उद्या सुट्टी आहे. सोमवारी अकराला मेन बिल्डिंगच्या समोर थांबायला सांगा, मी दादाशी बोलून ठेवतो. आणि जुना शर्ट घालून ये म्हणावं.