स्वर्गारोहण ते पेन्टेकॉस्ट: धर्मग्रामातले नऊ दिवस कसे आखावेत?

आळी_समन्वयक (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. वसई धर्मप्रांतातल्या मध्यम आकाराच्या धर्मग्रामासाठी (पॅरिशसाठी) २०२७ चे नियोजन करायचे आहे. ईस्टर २८ मार्चला येतो. प्रभूच्या स्वर्गारोहणाचा रविवार ९ मे आणि पेन्टेकॉस्ट, म्हणजे पवित्र आत्म्याच्या आगमनाचा सण, १६ मे. जाणकारांनी पुढील गोष्टींवर नेमके सांगावे.

रविवारी स्वर्गारोहण साजरे करून सोमवारी पवित्र आत्म्याची नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) सुरू केली तर पेन्टेकॉस्टपर्यंत सहाच दिवस मिळतात. मग नऊ कसे भरायचे? मे महिना असल्याने आळ्यांमध्ये क्रुसापुढे रोझरी (मरियेची जपमाळ) रोज चालू असते, तिच्याशी नोव्हेनाची वेळ आदळते. ज्येष्ठ मंडळी म्हणतात की स्वर्गारोहणाच्या शुभवर्तमानानंतर पुनरुत्थानाची मेणबत्ती (ईस्टरला पेटवलेली मोठी मेणबत्ती) विझवून आत न्यावी. स्वर्गारोहणाच्या दिवशी (९ मे) सकाळी साडेसातच्या मिस्सानंतर (चर्चमधल्या मुख्य उपासनेनंतर) ३०० जणांचा नाश्ता आहे. आणि युवकांना मिस्सा संपताच आवारातून गॅसचे फुगे आकाशात सोडायचे आहेत. यातले काय ठेवावे, काय टाळावे?

वेदीसेवा

नऊ दिवस पेन्टेकॉस्टपासून मागे मोजा, म्हणजे घोळ होणार नाही. स्वर्गारोहण मुळात पुनरुत्थानानंतरच्या चाळिसाव्या दिवशी, गुरुवारी येते. २०२७ मध्ये तो गुरुवार ६ मे. आपल्याकडे लॅटिन चर्चमध्ये सोहळा रविवारी हलवला असला तरी नोव्हेना शुक्रवारीच सुरू होते. शुक्रवार ७ मे पहिला दिवस, शनिवार १५ मे नववा. म्हणजे सणाचा रविवार नोव्हेनाच्या तिसऱ्या दिवशी पडतो, आणि त्यात काहीही चूक नाही. पत्रक छापताना "स्वर्गारोहणानंतर नऊ दिवस" असे लिहू नका, तारखा लिहा. त्या एका वाक्यामुळे दरवर्षी कुठल्यातरी आळीत नोव्हेना सोमवारी सुरू होते आणि पेन्टेकॉस्ट उलटून गेल्यावर संपते.

या नऊ दिवसांचा आधार प्रेषितांची कृत्ये १:१४ मध्ये आहे: शिष्य, स्त्रिया आणि येशूची आई मरिया एकचित्ताने प्रार्थना करत राहिले. पोप लिओ तेरावे यांनी १८९७ च्या परिपत्रात ही नोव्हेना सर्व धर्मग्रामांत करण्यास सांगितले. कार्यक्रम खूप असले आणि माणसे कमी असली, तर सणाच्या दिवसाची सजावट कमी करा, पण नोव्हेना कापू नका. माझ्या मते या काळाचा प्राण तिथेच आहे.

आता मेणबत्ती. ज्येष्ठांना आठवते ते खरेच आहे, जुन्या विधीत तसे होते. १९६९ च्या कॅलेंडर सुधारणेनंतर मेणबत्ती पेन्टेकॉस्टपर्यंत वेदीजवळच राहते आणि सर्व मिस्सांना पेटते. पेन्टेकॉस्टच्या शेवटच्या उपासनेनंतर ती बाप्तिस्मा कुंडाजवळ नेतात. पुढे बाप्तिस्म्याच्या वेळी पेटवायची आणि अंत्यविधीत शवपेटीजवळ ठेवायची. ज्येष्ठांचे मन राखायचे असेल तर १६ मेच्या शेवटच्या मिस्सानंतर मेणबत्ती छोट्या मिरवणुकीने कुंडापर्यंत न्या आणि तो मान त्यांनाच द्या.

मे महिन्यात या मेणबत्तीची दोन दुखणी असतात. पंख्याच्या झोतात ज्योत एका बाजूला झुकते, ती कड वितळून मेण ओघळते आणि कोरलेल्या वर्षाचे आकडे झाकले जातात. वरचा पंखा बंद ठेवा किंवा स्तंभ हातभर सरकवा. वात प्रत्येक मिस्साआधी ६-७ मिलिमीटर उरेल इतकी कापा. पितळी टोपी असेल तर ती दर रविवारी गरम पाण्याने धुवून बसवा. जाड मेण साचले की ती तिरकी बसते. आणि खिडकीतून दुपारचे ऊन थेट मेणबत्तीवर येऊ देऊ नका, ती वाकते.

वाचकगट

वाचनांबद्दल. वाचनांचे चक्र अ, ब, क असे तीन वर्षांचे असते, त्यात २०२७ हे 'ब' वर्ष आहे. ९ मेला पहिले वाचन प्रेषितांची कृत्ये १:१-११, स्तोत्र ४७, दुसरे इफिसकरांस १:१७-२३ किंवा ४:१-१३, शुभवर्तमान मार्क १६:१५-२०. दुसऱ्या वाचनाचा पर्याय धर्मगुरूंना आठवडाभर आधी विचारून घ्या, नाहीतर वाचक एक तयार करून येतो आणि वाचनग्रंथात खूण दुसऱ्यावर असते. गौरवगीत आणि विश्वासांगिकार दोन्ही आहेत.

स्वर्गारोहण रविवारी आल्यामुळे पुनरुत्थान काळातल्या सातव्या रविवारची वाचने गळतात. 'ब' वर्षी त्यात मत्तियाच्या निवडीचा प्रसंग असतो. पण शुक्रवार १४ मे हा प्रेषित संत मत्तियाचा सण आहे, म्हणजे नोव्हेनाचा आठवा दिवस, आणि त्या दिवशी तेच वाचन येते. यहूदाची रिकामी जागा भरली जाते ती याच दिवसांत, शिष्य माडीवरच्या खोलीत एकत्र असताना. नव्या वाचकांसाठी आणि धर्मशिक्षकांसाठी त्या संध्याकाळी खास प्रार्थना ठेवली तर फार शोभेल.

रंगाची चूक सगळीकडे होते: नोव्हेना पवित्र आत्म्याची म्हणून पहिल्याच दिवशी वेदीवर लाल कापड चढवतात. या आठवड्याचा रंग पांढराच. लाल फक्त १४ मेला मत्तियासाठी, आणि मग पेन्टेकॉस्टच्या जागरणापासून, म्हणजे आदल्या संध्याकाळच्या मिस्सापासून.

कॉयरला आजच सांगा: पेन्टेकॉस्ट रविवारी आलेलुयाच्या आधी पवित्र आत्म्याचे अनुक्रमगीत (शुभवर्तमानाआधी गायचे खास गीत) सक्तीचे आहे. वर्षभरात असे सक्तीचे अनुक्रमगीत दोनच दिवशी, ईस्टर आणि पेन्टेकॉस्ट. आयत्या वेळी ते वाचून उरकले जाते आणि त्याचे सौंदर्य हरवते. नोव्हेनाच्या प्रत्येक दिवशी त्यातली दोन कडवी गायली तर नवव्या दिवसापर्यंत सगळ्या लोकांना चाल येते.

क्रूस_आळी

रोझरी आणि नोव्हेना यांच्यात भांडण लावूच नका. मे महिन्यात लोक क्रुसापुढे जमलेलेच असतात. त्यांना पुन्हा सातला चर्चमध्ये बोलावले तर म्हातारी माणसे आणि लहान मुलांच्या आया येत नाहीत. रोझरी झाल्यावर तिथेच दहा मिनिटे नोव्हेना घ्या: पवित्र आत्म्याचे गीत, चार-पाच ओळींचे बायबल वाचन, मिनिटभर शांतता, त्या दिवसाची विनंती, आशीर्वादाची प्रार्थना. मरिया त्या माडीवर शिष्यांसोबत होती, त्यामुळे रोझरीला हे अगदी धरून आहे. चर्चमध्ये एकत्र यायचे ते तीनच दिवस: पहिला, आठवा आणि नववा.

विषयांची वाटणी अशी करा. पहिल्या दिवशी येशूचे वचन आणि वाट पाहणे. दुसऱ्या ते आठव्या दिवशी पवित्र आत्म्याचे एकेक दान, म्हणजे सात दाने सात दिवसांत बसतात. नवव्या दिवशी आत्म्याची फळे, गलतीकरांस ५:२२-२३. दानांची मराठी नावे वेगवेगळ्या पुस्तकांत वेगळी असतात. सगळ्या आळ्यांना एकाच प्रार्थनापुस्तकाची प्रत द्या, नाहीतर दोन आळ्या एकाच संध्याकाळी दोन वेगळ्या दानांवर प्रार्थना करत बसतील.

नववा दिवस शनिवार, आणि संध्याकाळी पेन्टेकॉस्टचे जागरण मिस्सा. नोव्हेना मिस्साच्या अर्धा तास आधी संपवा. धर्मगुरूंनी जागरणाचे विस्तृत रूप घेतले तर जुन्या करारातील चार वाचने असतात (उत्पत्ती ११, निर्गम १९, यहेज्केल ३७, योएल), प्रत्येकाला स्तोत्र आणि प्रार्थना. दीड तास सहज लागतो. आठ वाचक आणि आठ दिवस आधी एक सराव, याहून कमीत ते निभत नाही.

भांडारघर

नाश्ता ३०० जणांचा, उसळ-पाव आणि चहा धरून सांगतो.

सुका पांढरा वाटाणा १० किलो, बटाटा ५, कांदा ५, टोमॅटो ३ किलो, तेल दीड लिटर, घरचा मसाला ४०० ग्रॅम, मीठ ३५० ग्रॅमपासून चव घेत. पाव माणशी दोन आणि वर दहा टक्के, म्हणजे ५५ डझन. चहा ९० मिलिलिटरच्या कपाने २७ लिटर: दूध १४ लिटर, पाणी १५ लिटर (आटते म्हणून जास्त), साखर अडीच किलो, पत्ती ६०० ग्रॅम.

बिघडते ते वाटाण्याचे. मे महिन्यात दुपारी भिजत घातला तर पहाटेपर्यंत आंबतो, फेस येतो, वास सुटतो. रात्री आठला घाला, निजण्याआधी एकदा पाणी बदला, पहाटे चारला चुलीवर चढवा. भांडे ६० लिटरचे घ्या, कारण वाटाणा दुपटीहून जास्त फुगतो. टोमॅटो आणि मीठ वाटाणा मऊ झाल्यावरच. टोमॅटो आधी घातला तर साल कडक राहते आणि गॅस जळत बसतो. ओल्या नारळाचे वाटण घालू नका, उन्हात नऊ-दहापर्यंतच उसळ उतरू लागते. दाटपणा बटाटा कुस्करून आणा.

वाढायला दोन टेबले आणि दोन्हींच्या दोन्ही बाजूंनी रांग. एकाच टेबलावर अर्ध्या तासाहून जास्त लागतो आणि लोक न खाता निघून जातात.

स्वयंपाकातल्या मंडळींना शनिवार संध्याकाळच्या मिस्साला पाठवा, तो रविवारचाच धरला जातो. रविवारी पहाटे मीठ-तिखट चाखावे लागते आणि ख्रिस्तशरीर (कम्युनियन) स्वीकारण्याआधी एक तासाचा उपवास असतो. ही ओढाताण त्यांच्यावर नको.

मंडपाला ताडपत्री लावणार असाल तर चारही कोपरे दोरीने खाली ताणा. मेच्या मध्यावर वळवाचा वारा अचानक सुटतो आणि सैल ताडपत्री बांबूसकट उचलतो.

युवा_समूह

फुगे नकोत. फुगेवाल्यांच्या टाकीत बहुधा हायड्रोजन असतो, तो भडका घेतो. चर्चच्या आवारात मेणबत्त्या, धूपाचे निखारे आणि चहाच्या शेगड्या असताना फुग्यांचा घोस मुलांच्या हाती देणे धोक्याचे आहे. शिवाय ते रबर आणि दोरा वाड्यांत, खाडीत नाहीतर समुद्रात जाऊन पडतो, गुरे आणि मासे तो गिळतात.

स्वर्गारोहणाच्याच रविवारी चर्चचा जागतिक संपर्क दिनही असतो. १९६७ पासून तो पेन्टेकॉस्टच्या आधीच्या रविवारी पाळतात. शुभवर्तमान आहे "सर्व जगात जा". मग मुलांना खरेच कुणाकडे तरी पाठवा. प्रत्येक समूहाकडून अंथरुणाला खिळलेल्या आजाऱ्यांची यादी २५ एप्रिलपर्यंत घ्या, घरच्यांना विचारूनच. प्रथम ख्रिस्तशरीर घेतलेल्या मुलांनी एकेक पत्र लिहायचे: मोठे अक्षर, सहा-सात ओळी, खाली मुलाचे नाव आणि आळी. "लवकर बरे व्हा" असे छापील वाक्य टाळायला सांगा. काहींचे आजारपण बरे होणारे नसते. मुलाने आपल्या शाळेचे, खेळाचे, क्रुसापुढच्या रोझरीचे लिहावे. पत्रे अर्पणाच्या मिरवणुकीत टोपलीतून वेदीपाशी न्यायची, आणि मिस्सानंतर ख्रिस्तशरीर घेऊन जाणाऱ्या सेवकांसोबत घरोघर पोहोचवायची. डोळ्यांनी दिसत नसेल तिथे सेवकाने वाचून दाखवावे, त्यासाठी प्रत्येक घरी पाच मिनिटे जास्त धरा.

आळी_समन्वयक

मनापासून आभार. नोव्हेना ७ मेपासून, आळीतल्या क्रुसापुढे, असे धर्मग्राम परिषदेपुढे ठेवते. एक शंका: ज्या आळीत क्रूस रस्त्याला लागून आहे, तिथे दहा मिनिटे वाढली तर रहदारीची अडचण होईल?

क्रूस_आळी

ताई, तिथे रोझरीच पंधरा मिनिटे आधी सुरू करा आणि खुर्च्या क्रुसाच्या एकाच बाजूला मांडा. लाऊडस्पीकर लावू नका, चाळीस-पन्नास माणसांना आवाज पुरतो. मेणबत्त्या काचेच्या चिमणीत ठेवा, गाड्यांच्या वाऱ्याने उघड्या विझतात. आणि दोन युवक टॉर्च घेऊन दोन्ही टोकांना उभे करा, साडेसातनंतर अंधार पडतो.