चवथीत शिकलेला साहेबपणा : तुमचे अनुभव सांगा

गेल्या महिन्यात आमच्या कंपनीत 'नेतृत्व' शिकवायला बाहेरून एक गृहस्थ आले होते. दोन दिवस आम्ही चेंडू फेकले, डोळे बांधून एकमेकांना खोलीभर फिरवलं, कागदाचे मनोरे रचले. मनोरा कोसळला तेव्हा मला आमच्या व्हडल्या घरातली, म्हणजे मूळ मोठ्या घरातली, चवथीला (गणेशचतुर्थीला) गणपतीवर बांधतात ती माटोळी आठवली. माणसं कशी सांभाळायची यातलं जे थोडंफार मला येतं, ते तिथलं आहे.

तुम्ही गोव्यात कुठंही कामाला असा, चवथ, दिवाळी, शिगमो यांतून कामावर उपयोगी पडलेलं काही असेल तर लिहा. प्रवचन नको, प्रसंग सांगा. सुरुवात मी करतो.

डिचोली, डिस्पॅच

आमच्याकडे माटोळी काका बांधतात. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगतो: गणपतीच्या वर लाकडी चौकट टांगायची आणि तिला रानातली, परसातली फळं-पानं बांधायची. नारळाची पेंड, केळ्यांचा घड, तोरिंजन, चिबूड, सुपारीचा घोस, कांगण्या, घागऱ्या. तीन वर्षांपूर्वी काकांची कंबर धरली. ते खुर्चीवर बसले आणि स्टुलावर मी चढलो. कांगण्या दिसायला सुंदर, म्हणून मी आधी त्याच बांधायला घेतल्या. काका एवढंच म्हणाले, "आदीं जड तें बांद."

मी ऐकलं नाही. अर्धं झाल्यावर घड टांगला आणि चौकट एका बाजूला कलली. कांगण्या सगळ्या सोडाव्या लागल्या. मग घडाच्या समोरच्या कोपऱ्यात पेंड, तेव्हा कुठं तोल आला. काका ओरडले नाहीत. सगळं झाल्यावर उठले, खाली उभे राहिले आणि एकेक वस्तू हातानं एकदा ओढून पाहिली. दोन गाठी सुटल्या. त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. मी पुन्हा चढलो.

पूर्वी ट्रक भरला की मी विचारायचो, "झालं?" उत्तर नेहमी "झालं". आता ट्रक सुटायच्या आधी एक दोरी स्वतः ओढतो. एकच. सुरुवातीला पोरांना वाटलं, साहेबाचा आपल्यावर भरवसा नाही. मग एक दिवस त्यांच्यातल्याच एकानं माझ्याआधी दोरी ओढली आणि शिव्या घालत पुन्हा आवळली.

मडगाव, नर्स

माझं वॉर्डच्या रोस्टरचं. पहिल्या वर्षी मी चवथीची ड्युटी चिठ्ठ्या टाकून ठरवली. न्याय्य वाटलं होतं. तीन मुली रडल्या, एक चक्क आजारी पडली.

दुसऱ्या वर्षी आमच्या एका ज्येष्ठ ख्रिस्ती सिस्टरनं मला बाजूला घेतलं. म्हणाली, सुटी हवी का ते विचारू नकोस, गणपती किती दिवसांचा ते विचार. विचारलं तर कुणाचा दीड दिवसाचा, कुणाचा पाचाचा, एकीचा अकराचा. दीड दिवसवाल्या विसर्जन करून तिसऱ्या दिवशी हजर, तेव्हा पाचवाल्यांना घरीच राहू देता आलं. पहिले दोन दिवस ख्रिस्ती मुलींनी उचलले, कारण नाताळात त्यांच्या जागी आम्ही उभ्या राहतो. हे त्यांच्यात वर्षानुवर्षं चालूच होतं म्हणे. मीच मध्ये चिठ्ठ्या घेऊन आले होते.

चवथीच्या आदल्या रात्रीची ड्युटी आता मी स्वतःला लावते. सासूबाई अजून त्यावरून बोलतात, ते वेगळं.

फोंडा, बँक

घुमट आरतीचं सांगतो. घुमट म्हणजे मातीच्या मडक्याला कातडं ताणून केलेलं वाद्य. आमच्या वाड्यावर घुमट वाजवणारे दोघे-तिघे, शामेळ या ढोलावर एक, आणि कासाळं, म्हणजे झांजा, आठवीतल्या एका पोराच्या हातात. आवाज घुमटाचा मोठा, पण ताल त्या पोराचा. तो चुकला तर सगळे चुकतात, म्हणून सगळे त्याच्याकडे बघतात. वयानं, मानानं तो सगळ्यांत खाली. शाखेत माझ्याकडे अशी एक कॅशियर आहे. घाईच्या दिवशी काउंटरचा ताल ती धरते, मी तिच्याकडे बघून चालतो. मॅनेजरची केबिन मात्र माझी.

दुसरं. पूर्वी घुमटाला घोरपडीचं कातडं असायचं. घोरपड संरक्षित, मारणं गुन्हा, म्हणून बकऱ्याचं आलं. 2019 साली घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान मिळाला, तो बकऱ्याच्या कातड्यासकट. आमचे जुने वादक कित्येक वर्षं कुरकुरले, "नाद ना." आमच्या वडिलांनी वाद घातला नाही. सगळ्यांत जास्त कुरकुरणाऱ्याच्याच हातात नवं घुमट दिलं आणि म्हणाले, तूच कातडं ताणून बघ, किती हवं ते. तो आठवडाभर कातडं भिजवत, वाळवत बसला. बँकेत नवी प्रणाली आली तेव्हा मी हेच केलं. तक्रार करणाऱ्या सर्वांत जुन्या क्लार्कला पहिला लॉगिन दिला. कुरकुर थांबली असं नाही. पण आता तो नव्या मुलांवर कुरकुरतो.

वास्को, वर्कशॉप

सगळं छान. पण घरच्या चवथीतून कुणाला काढून टाकता येत नाही. आमचा एक चुलतभाऊ वीस वर्षं फक्त पत्त्यांचा डाव सांभाळतो. वर्कशॉपमध्ये त्याचं काय करू, ते लिहा.

म्हापसा, अकाउंट्स

वरचे सगळे पुरुष माटोळी आणि घुमटावर बोलले. स्वयंपाकघरात कोण होतं?

आमच्याकडे चाळीस पानं उठतात. वहिनी पहाटे चारला चुलीपाशी. खतखतं (अनेक भाज्या एकत्र शिजवलेलं), मुगागाठी, हळदीच्या पानातल्या पातोळ्या, नेवऱ्या आधीच तळून डब्यात. नैवेद्य दाखवेपर्यंत चाखायचं नाही. म्हणजे चाळीस माणसांच्या खतखत्यात मीठ अंदाजानं, तिरफळं अंदाजानं. मी लग्न होऊन आले त्या वर्षी वहिनीनं मिठाचा डबा माझ्या हातात दिला आणि पाठ फिरवून नारळ खवायला बसली. माझे हात कापत होते. "किती घालू?" विचारलं तर म्हणाली, "घाल गो."

मीठ कमी पडलं. पंगतीत कुणीतरी बोललंच. वहिनी म्हणाली, "आज माझो हात आखडलो." माझं नाव घेतलं नाही.

मार्चअखेरीला माझ्या हाताखालच्या मुलीनं एक नोंद चुकीच्या खात्याला टाकली. साहेबांसमोर मी म्हटलं, तपासायचं माझं राहिलं. ती बाहेर येऊन बराच वेळ पाण्याच्या कूलरपाशी उभी होती.

आणि हो, चाळीस पानांत वहिनीचं पान शेवटचं. ते मला अजून पटत नाही. गेल्या वर्षी मी पहिल्या पंगतीत तिला हात धरून बसवलं, तर पुरुषमंडळींना वाढायला उठावं लागलं. पाणी कुठं ठेवतात तेही कुणाला माहीत नव्हतं.

डिचोली, डिस्पॅच

म्हापशाच्या ताई, माटोळीचे फोटो निघतात, खतखत्याचे निघत नाहीत, कबूल. वास्कोवाले, आमच्याही घरी पत्तेवाला आहे, तो मीच होतो. म्हणूनच काकांनी मला स्टुलावर चढवलं असावं. यंदा तोरिंजन मी बांधलं. काकांनी ओढून पाहिलं, पुढं गेले, आणि परत येऊन पुन्हा एकदा ओढलं.