अनुभव धागा: अटलांटिकच्या वरच्या किनाऱ्याने, दोघंच, गाडी आणि तंबू

अमेरिका-कॅनडातले डोंगर आणि नॅशनल पार्क यावर भरपूर लिहून आलंय, पण अटलांटिकचा वरचा किनारा, म्हणजे मेन, न्यू ब्रन्सविक, नोव्हा स्कोशिया, न्यूफाउंडलंड आणि समुद्रापलीकडे आयर्लंड, स्कॉटलंड, इथे तंबू घेऊन गाडीने हिंडलेल्या जोडप्यांचे अनुभव एकत्र कुठे मिळत नाहीत, म्हणून हा धागा. हॉटेलांची यादी नको. समुद्राने आणि हवेने तुमचा बेत कसा फिरवला, शेगडीवर काय शिजवलं, दोघांत कोण काय करायचं ते लिहा. लांबलं तरी चालेल.

सुरुवात मी करते. आम्ही मिसिसागाहून निघालो. तिथून हॅलिफॅक्सच साधारण १८०० किमी पडतं आणि नोव्हा स्कोशियाचंच केप ब्रेटन बेट त्याच्याही पुढे, म्हणून वाटेत न्यू ब्रन्सविकमधल्या फंडी नॅशनल पार्कात तंबू टाकला. माझं माहेर दापोलीजवळचं, भरती-सुकती लहानपणापासून बघत आलेय, तरी फंडीच्या उपसागरात जे होतं त्याची कल्पनाच नव्हती. मुंबईत पावसाळ्यात उधाणाची बातमी येते ना, ती भरती साडेचार-पाच मीटरची असते, इथे बर्नकोट हेडला भरती-ओहोटीतला फरक १६ मीटरपर्यंत जातो! पार्काला लागून आल्मा नावाचं छोटं गाव आहे, तिथे ओहोटीला लॉबस्टरच्या बोटी धक्क्याशेजारी कोरड्या तळावर बसलेल्या असतात आणि सहा तासांनी बघावं तर त्याच बोटी वर धक्क्याला लागून तरंगतायत. उपसागरातल्या पाण्याला आत-बाहेर हेलकावायला जेवढा वेळ लागतो तो आणि दोन भरत्यांमधले साडेबारा तास जवळजवळ जुळतात, त्यामुळे झोक्याला नेमक्या वेळी धक्का मिळत राहावा तसं पाणी चढत जातं. होपवेल रॉक्सला आम्ही सकाळी समुद्राच्या तळावर चाललो, डोक्यावर दगडी खांब आणि त्यांच्या माथ्यावर झाडं, आणि दुपारी वरून बघितलं तर त्या खांबांची छोटी बेटं झालेली. तेव्हापासून आमचा दिवस भरतीच्या तक्त्यावर चालायला लागला. नवऱ्याकडे तंबू आणि गाडी, माझ्याकडे तक्ता आणि जेवण.

पुढे केप ब्रेटनचा कॅबट ट्रेल, २९८ किमीचा फेरा आहे. लोक एका दिवसात उरकतात, कृपा करून तसं करू नका. कॉर्नी ब्रूकला समुद्राला अगदी खेटून कॅम्पग्राउंड आहे, उघडा माळ, आडोसा काही नाही, रात्रभर तंबूचं कापड फडफडत होतं आणि खाली लाटा. मेतकूट भात, तूप, लोणचं खाऊन आम्ही आठलाच आत शिरायचो. स्कायलाइन ट्रेलवर सूर्यास्ताला जायचं आणि शेवटच्या लाकडी पायऱ्यांवर बसायचं, खाली तोच कॅबट ट्रेल डोंगरकडेने वळणं घेत जाताना दिसतो. वाटेत एक मोठं कुंपण लागतं ते मूसना (हरणाच्या कुळातलं भलं मोठं जनावर) बाहेर ठेवायला आहे. सत्तरच्या दशकात किडीने तिथली झाडं मेली आणि नंतर उगवणारी रोपं मूसनी खाल्ली, जंगलाचं कुरण झालं, म्हणून आता एक भाग बंद करून झाडं परत वाढवतायत. या ट्रेलवर २००९ मध्ये कायोटींनी (लांडग्याच्या कुळातलं जंगली जनावर) एकट्या चालणाऱ्या तरुणीचा जीव घेतला होता, तेव्हा एकत्रच चाला आणि हातात काठी असू द्या. ब्रॉड कोव्हला एक पूर्ण दिवस धुकं, पलीकडचा तंबू दिसेना. आम्ही पुढचं बुकिंग सोडून दिलं आणि तिथेच राहिलो, पत्ते खेळलो, तीनदा चहा केला, इतक्या गप्पा आमच्या घरी वर्षभरात होत नाहीत. माझ्यासाठी तरी सगळ्या प्रवासातला तो दिवस सगळ्यात वरचा.

—

धागा छान काढलात. आम्ही दोघं साठीच्या पुढचे, पुण्याचे, मुलगा हॅलिफॅक्सला असतो. त्याने छोटी कॅम्परव्हॅन भाड्याने घेऊन दिली आणि म्हणाला, बाबा तुम्ही आणि आई न्यूफाउंडलंडला जाऊन या. नॉर्थ सिडनीहून रात्रीची फेरी घेतली, पोर्ट ओ बास्कला पोचायला सात तास लागतात. चढण्यापूर्वी गॅसचा सिलेंडर बंद करावा लागतो आणि बोट चालू असताना गाडीत बसू देत नाहीत, तेव्हा औषधं, शाल आणि पाण्याची बाटली हाताशी ठेवावी, हे ज्येष्ठांनी विशेष लक्षात घ्यावे.

उतरल्यावर लगेच रेकहाउस नावाचा पट्टा लागतो. डोंगरावरून वारा असा कोसळतो की पूर्वी तिथून रेल्वे जायची तेव्हा डबे रुळावरून उलटत, म्हणून रेल्वेने तिथल्याच एका रहिवाशाला वाऱ्याचा अंदाज कळवायला पगारावर ठेवलं होतं. त्याला वाऱ्याचा वास येतो असं लोक म्हणत. आम्ही पोचलो त्या सकाळी उंच गाड्यांसाठी इशारा होता, सौ. म्हणाली घाई कसली आहे, आणि आम्ही बंदराजवळच गाडी लावून उपमा केला. दुपारी वारा पडला तेव्हा निघालो.

ग्रो मॉर्न नॅशनल पार्कमधले टेबललँड्स नावाचे डोंगर म्हणजे मी आयुष्यात पाहिलेली सगळ्यात विलक्षण जमीन. मी नोकरीत असताना सह्याद्रीत खूप भटकलो, आपला काळा कातळ म्हणजे वर येऊन थिजलेला लाव्हा. पण इथे पृथ्वीच्या कवचाखालचा, मॅन्टलचा खडक वर ढकलला गेलाय, गंजलेल्या लोखंडाच्या रंगाचा, आणि त्यात झाडांना पोषक असं फार थोडं आणि जड धातू जास्त, म्हणून डोंगरच्या डोंगर उघडाबोडका. समोरच्या बाजूला हिरवंगार जंगल आणि मधून फक्त रस्ता. मी तिथे बराच वेळ दगड हातात घेऊन बसलो होतो (परत तिथेच ठेवला, पार्कातून काही उचलायचं नाही).

अगदी उत्तरेच्या टोकाला लान्स ओ मेडोज. १९६० मध्ये हेल्गे इंगस्टाड आणि त्यांच्या पत्नी, पुरातत्त्वज्ञ आन स्टीन, यांना इथे नॉर्स (व्हायकिंग) लोकांच्या वस्तीचे अवशेष सापडले, म्हणजे कोलंबसच्या जवळजवळ पाचशे वर्षं आधी युरोपातली माणसं इथे घरं बांधून राहिली होती. तिथल्या लाकडावरून २०२१ मध्ये इसवी सन १०२१ हे नेमकं वर्ष काढलं गेलं. शोधही एका जोडप्याचा, याचं हिला फार अप्रूप वाटलं. गवताच्या ढेकळांची घरं पुन्हा उभारलेली आहेत, आत चूल पेटवतात, बाहेर जुलैमध्येही आम्ही स्वेटर आणि कानटोपीत.

संध्याकाळनंतर गाडी चालवू नका. मूस हे त्या बेटावरचं मूळचं जनावर नाही, १८७८ आणि १९०४ मध्ये आणून सोडलेलं, आता गावागावात आहे. त्याचे पाय इतके लांब की गाडी पायांना लागते आणि सगळं धड काचेवर येतं. आम्ही चार वाजताच मुक्काम गाठायचो. आणि एक गंमत, न्यूफाउंडलंडची वेळ आपल्यासारखीच अर्ध्या तासाच्या फरकाची, त्यामुळे उन्हाळ्यात भारत बरोबर आठ तास पुढे, पुण्याला आईला फोन करताना हिशोबच करावा लागत नसे. ती ९१ वर्षांची आहे, रोज विचारायची आज कुठे झोपणार.

—

बोस्टनहून, थोडक्यात लिहितो. लग्नानंतरचा पहिला उन्हाळा, फार बजेट नव्हतं म्हणून मेनला अकेडिया नॅशनल पार्क, ब्लॅकवुड्स कॅम्पग्राउंड. कॅडिलॅक माउंटन ४६६ मीटर, सूर्योदयाला गाडीने वर जायचं तर मेअखेरपासून ऑक्टोबरपर्यंत वेगळं रिझर्वेशन लागतं, ३० टक्के जागा ९० दिवस आधी आणि बाकीच्या दोन दिवस आधी सकाळी दहाला सुटतात. आम्हाला दोन दिवस आधीच्या मिळाल्या, बायको फोन घेऊन दहाला दोन मिनिटं असताना बसली होती. पहाटे ब्लँकेट पांघरून गेलो, थर्मासमध्ये आलं घातलेला चहा, बेटं एकेक करून उजेडात येत गेली आणि ही माझा हात धरून काहीच बोलली नाही, एरवी ती गप्प बसत नाही.

पाणी बर्फासारखं गार, सँड बीचवर उन्हाळ्यातसुद्धा १३ डिग्रीच्या वर क्वचित जातं. याच गार पाण्यावरून गरम दमट हवा सरकली की धुकं धरतं, म्हणून शहरात कडक ऊन आणि किनाऱ्यावर काही दिसत नाही असं होतं. अशा दिवशी कॅरेज रोड्सवर (घोडागाड्यांसाठी बांधलेले जुने रस्ते) सायकली काढायच्या, तिथे गाड्यांना बंदीच आहे. बार हार्बरला ओहोटीत बार आयलंडपर्यंत चालत जाता येतं, ओहोटीच्या आधी दीड तास ते नंतर दीड तास, तेवढाच वेळ, मग वाट पाण्याखाली. लाकडं घरून नेऊ नका, त्यातून झाडं मारणारे किडे पसरतात, तिथेच रस्त्याकडेला विकत मिळतात.

—

मी आयर्लंडमध्ये असते. इथे वाइल्ड अटलांटिक वे म्हणून २५०० किमीचा रस्ता आहे, डोनेगलपासून कॉर्कमधल्या किन्सेलपर्यंत, आम्ही त्यातला दक्षिणेकडचाच तुकडा केला. जमीनमालकाला विचारल्याशिवाय इथे तंबू टाकता येत नाही, पण विचारलं की बहुतेक वेळा हो म्हणतात, एका आजींनी तर आम्हाला गोठ्यामागची जागा दिली आणि सकाळी सोडा ब्रेड आणून दिला, मी त्यांना शेंगदाण्याची चटणी दिली, त्यांनी ती बटरबरोबर खाल्ली आणि अजून मागितली.

पण मला लिहायचंय ते अहाकिस्टाबद्दल. कॉर्कमधल्या शीप्स हेड या समुद्रात शिरलेल्या भूशिराच्या वाटेवर अगदी लहान गाव आहे. २३ जून १९८५ ला एअर इंडियाचं कनिष्क विमान याच किनाऱ्यासमोर समुद्रावर बॉम्बने फुटलं, ३२९ माणसं गेली. त्यांचं स्मारक इथे आहे, पाण्याकडे तोंड करून, एक सूर्यघड्याळ आणि मागे भिंतीवर नावं. दरवर्षी त्या तारखेला नातेवाईक येतात आणि गावातली माणसंही येतात, ज्यांचा त्या विमानाशी काही संबंध नव्हता ती. आम्ही नावं वाचत गेलो. एकाच आडनावाची चार-चार, पाच-पाच नावं ओळीने, म्हणजे घरंच्या घरं. नवऱ्याने बाजूच्या झुडपातलं फूल ठेवलं. त्या दिवशी पुढे जायचं होतं, गेलो नाही. या किनाऱ्याला येणाऱ्या प्रत्येक भारतीयाने तिथे थांबावं असं मला मनापासून वाटतं.

—

वरचं वाचून डोळे भरले. आम्ही ग्लासगोचे, नॉर्थ कोस्ट ५०० हा स्कॉटलंडच्या उत्तर किनाऱ्याचा गाडीचा फेरा केलाय, इन्व्हरनेसपासून सुरू करून इन्व्हरनेसलाच संपतो, ८३० किमी. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने तंबू मोकळ्या जमिनीवर टाकता येतो, घरांपासून लांब आणि कचरा न ठेवता, पण हा हक्क पायी किंवा सायकलने येणाऱ्यांचा, गाडीत झोपणाऱ्यांचा नाही, हे फार जणांना माहीत नसतं आणि मग गावकरी वैतागतात. एकपदरी रस्त्यावरच्या पासिंग प्लेसमध्ये (दुसऱ्या गाडीला वाट द्यायची रुंद जागा) गाडी लावून फोटो काढत बसू नका, मागे एखादी अँब्युलन्स असू शकते. मिजेस म्हणजे बारीक चावरे किडे, जून ते ऑगस्ट भयंकर, पण वारा असला की येत नाहीत, म्हणून तंबू झाडीत न टाकता वाऱ्याच्या तोंडावर टाका. डरनेसला सँगो सँड्सवर कड्याच्या काठावर आम्ही तसाच टाकला होता. वाऱ्याने शेगडी पेटेना, हिने गाडीचं दार उघडून आडोसा केला आणि त्यात पिठलं झालं.

—

किती सुंदर लिहिताय सगळे! काकांनी कानटोपी लिहिलीये ती खरंच न्या, ऑगस्टमध्येही रात्री लागते. दोघातिघांनी मला विचारलंय म्हणून इथेच सांगते: पार्क्स कॅनडाची (तिथले नॅशनल पार्क चालवणारी सरकारी संस्था) बुकिंग हिवाळ्यातच उघडतात आणि जुलै-ऑगस्टचे समुद्राकडचे प्लॉट पटकन जातात. तंबू नसेल तर ओटेंटिक नावाच्या लाकडी तळाच्या तंबू-खोल्या मिळतात, आत पलंग असतात. चावऱ्या काळ्या माश्या मे-जूनमध्ये जास्त, सप्टेंबर सगळ्यात चांगला, फक्त चक्रीवादळांच्या बातम्या बघत राहा. खाणं, टूथपेस्टसुद्धा, रात्री गाडीत बंद ठेवा, अस्वलं आहेत. जंगलात आगीचा धोका असला तर शेकोटीवर बंदी येते, २०२५ च्या ऑगस्टमध्ये नोव्हा स्कोशियाने तर जंगलात चालायलाच बंदी केली होती, तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी बघून घ्या.

नॉर्वेला तंबू घेऊन गेलेलं कोणी आहे का? लोफोटेनला जायचं आमच्या मनात आहे, गाडी इथून न्यायचा प्रश्नच नाही, पण तिथे भाड्याने घेऊन दोघांनी कसं केलं ते वाचायला आवडेल.