मागचा डावा स्पीकर हळू आवाजात गप्प, मोठा केला की बोलतो

ऐरोलीची काकू
नमस्कार मंडळी. २००७ साली घेतलेला ५.१ रिसीव्हर (पाच स्पीकर आणि एक बासचा डबा चालवणारा) आहे, चांगला जाडजूड. एचडीएमआय आहे म्हणायला, पण त्यातून नुसतं चित्र पुढे जातं, आवाज हा उचलत नाही. म्हणून टीव्हीपासून ऑप्टिकल केबल.

रात्री सासूबाई झोपल्या की आवाज उणे ४५ डेसिबलवर आणते. मग मागचा डावा स्पीकर आधी खरखरतो, मग गायब. उणे २५ पर्यंत वाढवला की खर्र करून परत येतो, आणि त्यानंतर कमी केला तरी अर्धा तास गुण्यागोविंदाने चालतो. वायर काळी पडली असेल म्हणून (खाडी जवळ, आमच्याकडे पितळेच्या कड्यासुद्धा हिरव्या होतात) टोकं कापून नवी सोलून लावली. फरक शून्य. मग रिसीव्हरच्या मागे डाव्या-उजव्याच्या वायरी अदलाबदल केल्या, तर उजवा स्पीकर गप्प झाला. म्हणजे स्पीकर आणि वायर निर्दोष, बरोबर ना?

दुसरं दुखणं जूनपासूनचं. मध्येच सगळेच स्पीकर सेकंदभर बंद, डिस्प्लेवरचं 'डॉल्बी डिजिटल' विझतं आणि पुन्हा लागतं. हे म्हणतात फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू झाला की होतं. दुरुस्तीवाल्याने झाकण न उघडताच "बोर्ड गेला, साडेचार हजार" सांगितलं. कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं काढली आहेत, मल्टिमीटर आणि सोल्डर दोन्ही हातातलं. न उघडता निदान मला पटत नाही.

नौपाड्याचा नाद
काकू, साउंडबार घ्या आणि सुटा.

ऐरोलीची काकू
तो पर्याय ह्यांनी आधीच सुचवला आहे. पुढचे बोला.

सोल्डरवाला
काकू, ही दोन वेगळी दुखणी आहेत, एकात घालू नका. पहिलं रिलेचं (आतल्या विजेवर चालणाऱ्या स्विचचं) आहे, जवळपास खात्रीने. रिसीव्हर चालू केल्यावर चार-पाच सेकंदांनी 'टक्' आवाज येतो ना, तोच. अँप स्थिर झाल्यावर तो स्पीकर जोडतो, आणि आउटपुटवर डीसी (स्पीकर जाळणारा एकाच दिशेचा प्रवाह) आलं तर तोडतो. सतरा-अठरा वर्षांत त्याच्या काँटॅक्टवर काळा थर बसतो. हळू आवाजाचं व्होल्टेज इतकं कमी की तो थर ओलांडत नाही, मोठा आवाज तो फोडून जातो. तुम्ही लिहिलंय तसंच हुबेहूब.

पॉलिश पेपर लावू नका, वरचा मुलामा निघतो आणि सहा महिन्यांत पहिल्यापेक्षा वाईट. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेली कागदाची पट्टी काँटॅक्टमधून ओढली तर तात्पुरतं जमतं, पण त्यासाठी रिलेचं टोपण निघायला हवं. बदलणंच बरं. कॉइलचं व्होल्टेज, काँटॅक्टचे अँपिअर आणि पिनांची मांडणी, तिन्ही जुळवून घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जुना रिले हातात घेऊनच जा, फोटोवर भागत नाही. आणि प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरांत चार्ज असतो. तुम्हाला सांगायला नको, पण इथे बाकीचेही वाचतात.

खाडीकाठ
दुसऱ्या दुखण्याबद्दल. सगळे स्पीकर एकदम जातात आणि डॉल्बीचा दिवा विझतो, म्हणजे रिसीव्हरला डिजिटल सिग्नलच मिळत नाही. इथे रिलेचा संबंध नाही. फ्रिजवरही मी संशय घेणार नाही. ऑप्टिकलमधून प्रकाश जातो, त्याला विजेची खरखर लागत नाही.

टीव्हीत डिजिटल आउटपुट पीसीएमवर (डॉल्बीऐवजी साधा, न दाबलेला डिजिटल आवाज) टाकून दोन दिवस बघा. आवाज नुसता स्टिरिओ येईल, चालवून घ्या. तरीही तुटला तर केबल किंवा सॉकेट. थांबला, तर टीव्ही 'ऑटो'वर असल्याने कार्यक्रम डॉल्बीत आणि जाहिरात पीसीएममध्ये जाते, आणि प्रत्येक बदलाला रिसीव्हर क्षणभर तोंड मिटतो. जूनच्या आधी टीव्ही हलवला होता का?

ऐरोलीची काकू
मेमध्ये रंगकाम झालं. आता तुम्ही विचारलंत आणि लख्ख आठवलं, रंगाऱ्याने टीव्ही भिंतीवरून उतरवला होता.

ऐरोलीची काकू (दहा दिवसांनी)
आधी केबल. रंगाऱ्याने टीव्ही परत चढवताना ती ब्रॅकेट आणि भिंतीच्या मध्ये काटकोनात दाबली होती. टोक कागदावर धरलं तर लाल ठिपका पडायचा, पण फिका. केबल सरळ केली की उजळ. पीसीएमवरही आवाज तुटत होताच. नवी केबल मोठा वळसा देऊन टाकली, टीव्ही परत 'ऑटो'वर, आता फक्त जाहिरातीच्या वेळी सेकंदभर जातो. जाहिरातीचंच जातंय, जाऊ दे.

मग रिले. प्लग काढून रात्रभर ठेवला, सकाळी मीटरने कपॅसिटर तपासले आणि मगच हात घातला. मागच्या दोन्ही स्पीकरना मिळून एकच रिले, आत दोन काँटॅक्ट. कॉइल २४ व्होल्ट. काढल्यावर टोपण कापून पाहिलं: उजवा काँटॅक्ट राखाडी, डावा काजळ धरल्यासारखा. ग्रँट रोडला उतरून चालत गेले, तिसऱ्या दुकानात तसाच मिळाला. पुढच्या स्पीकरांसाठीही एक घेतला, ते अजून बरे आहेत म्हणून डबीत ठेवलाय. सोल्डर सकरचा स्प्रिंग ऐनवेळी गेला, शेवटी तांब्याची जाळी लावून सोल्डर ओढलं आणि बोर्डावरचं एक पॅड (तांब्याचा ठिपका) थोडं उचललं गेलं. बारीक वायरचा पूल टाकला. प्रयोगशाळेत कुणा पोराने असं केलं असतं तर बोलले असते.

काल रात्री उणे ५० वर पाऊस मागे डावीकडून पडत होता. सासूबाई उठून खिडकी लावायला आल्या.

सोल्डरवाला
झकास. रिसीव्हरच्या डोक्यावर काही ठेवत नाही ना? वरच्या जाळीतून गरम हवा निघाली नाही तर नवा रिलेही लवकर काळा होईल.

ऐरोलीची काकू
क्रोशाचा रुमाल होता. त्यावर गणपती. रुमाल काढला, गणपती शोकेसमध्ये हलवला.