शाळा ८ ला, आम्ही परत येणार ५ ला... काय काय राहतंय?

नमस्कार मंडळी,
आम्ही अजून पुण्यातच आहोत. ५ सप्टेंबरला शनिवारी रात्री अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या नुअर्कला उतरतोय (त्या दिवसाचं तिकीट स्वस्त मिळालं, आता पस्तावतेय), ७ ला लेबर डेची सुट्टी आणि ८ ला शाळा. मोठा सहावीत, म्हणजे मिडल स्कूल नवीन, धाकटी पहिलीत. इथे भावंडांच्या शाळा जूनमध्येच सुरू झाल्या, त्यामुळे आमची दोघं दिवसभर आजोबांच्या मागे भुणभुण करतात आणि संध्याकाळी भावंडं घरी आली की जो दंगा सुरू होतो तो रात्री १२ पर्यंत. झोपेची पार वाट लागलीय. मागच्या वर्षी धाकटी पहिल्याच आठवड्यात वर्गात डोकं टेकून झोपली होती, टीचरचा मेल आला होता. खरेदीची लिस्ट नवऱ्याला दिलीय, तो काय आणेल देव जाणे. अजून काय?
रेवती, एडिसन

---

रेवती, खरेदी सोड, आधी फॉर्म बघ. न्यू जर्सीत सहावीत जाताना ११ वर्षांच्या मुलाला टीडॅप (धनुर्वात, घटसर्प, डांग्या खोकला) आणि मेनिंजायटिसची लस लागते, नसेल तर वर्गात बसू देत नाहीत. झाली नसेल तर आजच शाळेच्या नर्सला मेल टाक, पुण्यात घेतली तर कसला कागद चालेल ते विचार, आणि इथल्या डॉक्टरची अपॉइंटमेंटही धरून ठेव, ऑगस्टमध्ये मिळत नाही. इनहेलर वगैरे असेल तर शाळेत ठेवायला डॉक्टरच्या सहीचा फॉर्म लागतो, नुसतं औषध दप्तरात टाकून चालत नाही. कपड्यांची घाई नको, आपल्या राज्यात कपड्यांवर तसाही सेल्स टॅक्स नाही.
संदीप

---

झोपेवरून मुलांना ओरडू नकोस गं! भारतातून इकडे येताना घड्याळ साडेनऊ तास मागे जातं, म्हणजे शरीराला उशिरा झोपायला शिकायचं असतं, त्यामुळे शेवटचे ३-४ दिवस अजून थोडं उशिरा झोपू दे आणि उशिरा उठू दे (आजोबांना काय सांगायचं ते तुझं तू बघ). इथे आल्यावर दुपारी ४ ला डोळे मिटायला लागतील कारण तिकडे रात्रीचा दीड वाजलेला असतो, तेव्हा सोफ्यावर बसूच द्यायचं नाही, बाहेर उन्हात काढायचं, सायकल, पार्क, काहीही. पहाटे ३ ला उठले तर दिवे आणि आयपॅड बंद, भूक लागली तर दूध-केळं. साधारण दिवसाला एक तास असं सरकतं, म्हणजे ८ तारखेला पोरं अर्धवटच असणार. टीचरला आधीच दोन ओळी लिहून टाक.
मीनल, प्लेन्सबरो

---

डब्याचं मी सांगते कारण ह्यात मी सपशेल तोंडावर आपटलेय. लेक पहिलीत असताना वर्ग नट-फ्री होता, मी म्हटलं आपण कुठे पीनट बटर देतो, आपला काय संबंध. दिली पोळी आणि काकडीची कोशिंबीर. कोशिंबिरीत कूट!! खरंच सांगते, कूट म्हणजे शेंगदाणे हे डोक्यातच आलं नाही, आपल्याला ते मिठासारखं वाटतं ना. लेकाने शेजारणीला कौतुकाने सांगितलं की आमची आजी प्रत्येक भाजीत पीनट पावडर घालते, आणि त्या शेजारणीलाच अ‍ॅलर्जी. नर्स आली, टेबल पुसलं, ह्याला वेगळं बसवलं, मला ऑफिसात फोन. त्या मुलीला काही झालं नाही पण मला दोन रात्री झोप नाही. मग घरातल्या एकेका पदार्थाचा विचार करायला लागले तर सगळीकडे कूट: भरली वांगी, खिचडी, लसणाची चटणी, भेंडीतसुद्धा. आता शाळेच्या दिवसांत डब्याची भाजी आधी काढून घेते, मग घरच्या कढईत कूट. दाटपणाला भाजलेलं डाळीचं पीठ चालतं. तीळही धरा, इथे २०२३ पासून पाकिटांवर तो अ‍ॅलर्जन म्हणून छापावाच लागतो. ओल्या खोबऱ्याचं टीचरला विचारून घ्या. आणि पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त धोका आजीच्या खाऊचा, बॅगेतून काय निघून दप्तरात जाईल सांगता येत नाही.
अजून एक, आमच्याकडे जेवायला जेमतेम २० मिनिटं असतात. धाकटीकडून थर्मास स्वतः उघडायची प्रॅक्टिस करून घे.
अनघा, पार्सिपनी

---

वह्यांना खाकी कव्हरं घालून आणा, आजोबांना कामही मिळेल. मी नातवाची घातली तर तो म्हणाला आजोबा, पुस्तकं नाहीतच, क्रोमबुक आहे. त्याला कसलं कव्हर घालू!
बाकी गणपती १४ ला सोमवारी येतोय, मुलांची शाळा बुडवणार असाल तर आधी लेखी कळवा.
नाना

---

आमची लेक आता नववीत. तिला विचारलं सहावीत सगळ्यात जास्त कशाची भीती वाटली होती, मला वाटलं अभ्यास, मैत्रिणी म्हणेल. म्हणाली लॉकरचं कुलूप. आकड्यांचं गोल कुलूप, उजवीकडे फिरवून पहिला आकडा, मग डावीकडे एक पूर्ण फेरा घेऊन पहिला ओलांडून दुसऱ्यावर, मग सरळ उजवीकडे तिसऱ्यावर. दोन तासांच्या मध्ये ४ मिनिटं आणि मागे पोरं उभी. आठवडाभर ती सगळी पुस्तकं पाठीवर घेऊन फिरली, लॉकर उघडलाच नाही, आणि आम्हाला पत्ता नाही. तिचं जुनं कुलूप पडलंय, हवंय का?
गौरी

---

गौरीताई, हवंय! नवरा शनिवारी ढोलाच्या प्रॅक्टिसला येतो, त्याच्याकडे द्या. मोठ्याला हे वाचून दाखवलं तर एकदम गप्प झाला आणि मग म्हणाला, "आई, डावीकडे किती फेरे?" म्हणजे भीती तीच होती, मला जेट लॅग वाटत होता.
नर्सला मेल टाकलाय. अनघा, तुझा मेल वाचून बॅग उघडली, सासूबाईंनी तळाशी दाण्याच्या लाडवांचा डबा भरलेला, दोन किलो. बाहेर काढला तर म्हणतायत, मग तिथे मुलं खातात तरी काय? कुणाला उत्तर सुचलं तर कळवा, मी अजून आठ दिवस इथेच आहे.
रेवती