हॉप्किन्सन बारवर ६०६१-टी६ चा यील्ड ४० टक्के जास्त दिसतोय, तो खरा मानायचा का?

धातुपट्टी (प्रश्न)

६०६१-टी६ ॲल्युमिनियमची डायनॅमिक कॉम्प्रेशन चाचणी हॉप्किन्सन बारवर, म्हणजे दोन लांब बारांमध्ये नमुना ठेवून एका बारच्या टोकावर छोटा दांडा (स्ट्राइकर) आदळवायच्या यंत्रावर, चालू आहे. दोन्ही बार मॅरेजिंग स्टीलचे, २० मिमी व्यास, प्रत्येकी १.५ मीटर. स्ट्राइकर त्याच स्टीलचा आणि त्याच व्यासाचा, लांबी ३०० मिमी, वेग १२ मी/से. नमुना १० मिमी व्यास आणि १० मिमी लांबीचा. इन्सिडेंट बारवरचे (स्ट्राइकर आदळतो त्या बारवरचे) स्ट्रेन गेज नमुन्यापासून २५० मिमीवर आहेत, ट्रान्समिटेड (नमुन्यापलीकडच्या) बारवरचे ३०० मिमीवर. नमुन्याच्या दोन्ही टोकांच्या स्ट्रेसची सरासरी घेतो.

स्थिर चाचणीत यील्ड (धातू कायमचा दबायला लागतो तो स्ट्रेस) २८० मेगापास्कल येतो. बारवर मात्र सुरुवातीलाच ३९० च्या वर एक टोक येतं, मग आलेख उतरून ३२०-३३० वर स्थिरावतो. यंग मॉड्युलस तर दर शॉटला वेगळा निघतो. हे स्ट्रेन रेटमुळे (नमुना दबण्याच्या वेगामुळे) वाढलेलं बळ म्हणून अहवालात लिहू का? पुढे याच बारवर काँक्रीटही तपासायचं आहे.

तरंगवेध

लिहू नका. सेकंदाला हजारच्या आसपासच्या स्ट्रेन रेटपर्यंत ६०६१-टी६ चं बळ फार थोडं वाढतं. या मिश्रधातूत ४० टक्के वाढ दिसली, तर संशय आधी बारवर घ्यायचा.

तुमच्या बाबतीत दोष गेजच्या जागेत आहे. मॅरेजिंग स्टीलचा मॉड्युलस १९० गिगापास्कल आणि घनता ८००० किलो/घनमीटर धरली, तर तरंगाचा वेग साधारण ४८७० मी/से. स्ट्राइकर ३०० मिमीचा, म्हणजे बारमधला पल्स ६०० मिमी लांब, १२३ मायक्रोसेकंदांचा. गेजपासून नमुन्यापर्यंत जाऊन परत यायचं अंतर मात्र ५०० मिमीच. म्हणजे इन्सिडेंट पल्सची शेवटची २० मायक्रोसेकंदं अजून गेजखालून जात असतानाच नमुन्यावरून परतलेली (रिफ्लेक्टेड) लाट तिथे पोहोचते. दोघींची चिन्हं विरुद्ध, त्यामुळे रिफ्लेक्टेड लाटेचं डोकं खरं असतं त्यापेक्षा बुटकं दिसतं. पुढच्या टोकाचा स्ट्रेस या दोघींच्या बेरजेतून निघतो, तो सुरुवातीची २० मायक्रोसेकंदं फुगतो आणि सरासरीलाही वर ओढतो. यील्ड नेमका त्याच पट्ट्यात वाचला जातो. तुमचं टोक तिथूनच आलंय.

उपाय म्हणजे गेज बारच्या मधोमध, ७५० मिमीवर लावा. गेजचं नमुन्यापासूनचं अंतर स्ट्राइकरच्या लांबीपेक्षा जास्त हवंच, वर पल्सच्या चढ-उताराला जागा ठेवायची. नवे गेज चिकटवायच्या आधी खात्री करायची असेल तर १५० मिमीचा स्ट्राइकर वापरून बघा. पल्स ३०० मिमीचा होईल आणि लाटा एकमेकींवर चढणार नाहीत. स्ट्रेन निम्मा, पाचेक टक्केच मिळेल, पण टोक गायब झालं की निदान पक्कं.

गेज हलवल्यावर नमुना न ठेवता दोन्ही बार एकमेकांना टेकवून एक शॉट मारा. रिफ्लेक्टेड लाट जवळपास शून्य हवी आणि ट्रान्समिटेड लाट इन्सिडेंटइतकीच. १२ मी/सेला स्ट्रेन म्हणजे स्ट्राइकरचा वेग भागिले तरंगवेगाची दुप्पट, साधारण १२३० मायक्रोस्ट्रेन यायला हवा. समोरासमोरचे दोन गेज ब्रिजच्या विरुद्ध भुजांत, गेज फॅक्टर २ आणि पुरवठा १० व्होल्ट असेल तर ॲम्प्लिफायरच्या आधी सुमारे १२.३ मिलिव्होल्ट. दहा टक्के कमी आला तर गेजची चिकटवण आणि तारांचा रेझिस्टन्स तपासा, शंट कॅलिब्रेशन (माहीत असलेला रेझिस्टन्स जोडून ब्रिजचा आकडा पडताळणं) करा. चढणीची धार गोलसर दिसली तर ॲम्प्लिफायरची बँडविड्थ बघा. वीस-तीस किलोहर्ट्झचा ॲम्प्लिफायर इथे चालत नाही, काही शे किलोहर्ट्झ हवेत. तरंगवेगही पुस्तकातून घेऊ नका. इन्सिडेंट बार एकटा ठेवा आणि मोकळ्या टोकावरून परतलेल्या लाटेचा वेळ मोजा. मधल्या गेजवर तो ३०८ मायक्रोसेकंदांच्या आसपास येईल.

लेथ_आणि_मायक्रोमीटर

यंग मॉड्युलसचं बोलायचं तर तो या चाचणीतून काढूच नका. दहा मिमी ॲल्युमिनियम ओलांडायला लाटेला २ मायक्रोसेकंद लागतात. स्ट्रेस दोन्ही टोकांना सारखा व्हायला लाटेच्या तीन-चार फेऱ्या हव्यात, एक फेरी दोन्ही बाजूंची धरली तर १२ ते १६ मायक्रोसेकंद. तुमचा स्ट्रेन रेट ८०० च्या आसपास आहे, म्हणजे तोवर एक टक्का स्ट्रेन होऊन गेलेला असतो. मॉड्युलस आणि ०.२ टक्क्यांचा यील्ड दोन्ही त्या गडबडीत बुडतात. दोन-तीन टक्क्यांच्या पुढचा फ्लो स्ट्रेस (यील्डनंतर नमुना दबत राहायला लागणारा स्ट्रेस) घ्या आणि स्थिर चाचणीतल्या त्याच स्ट्रेनच्या आकड्याशी ताडा.

दर शॉटला पुढच्या आणि मागच्या टोकाचे स्ट्रेस एकाच आलेखावर काढा. ते एकमेकांवर बसले नाहीत तर शॉट बाद, मग आकडा कितीही मनासारखा असो.

घर्षणही पाहा. नमुन्याचा व्यास आणि लांबी सारखी असताना घर्षणांक ०.१ असेल तर स्ट्रेस सुमारे ३ टक्के जास्त दिसतो, ०.२ ला जवळपास ७ टक्के. मॉलिब्डेनम डायसल्फाइडचं ग्रीस दोन्ही तोंडांना पातळ लावा. थर जाड झाला तर सुरुवातीचा स्ट्रेन खोटा वाढतो. चाचणीनंतर नमुना पिंपासारखा फुगलेला दिसला तर ग्रीस कमी पडलंय. लेथवर तोंड घेताना मधोमध राहिलेली बारीक घुंडी काढून टाका, ती राहिली तर आलेखाची सुरुवात हमखास बिघडते. आणि बेअरिंगमध्ये बार एका बोटाने ढकलला की सरकला पाहिजे.

धातुपट्टी

१५० मिमीच्या स्ट्राइकरवर टोक गेलं. फ्लो स्ट्रेस ३२० च्या आसपास राहतोय. गेज हलवतो. काँक्रीटचं काय?

काँक्रीट_आणि_खडी

२० मिमीच्या बारवर काँक्रीट नको. नमुन्याचा व्यास सर्वांत मोठ्या खडीच्या निदान तिप्पट हवा. २० मिमी खडी असेल तर ७५ मिमीचा बार लागेल. एरवी तुम्ही काँक्रीट नाही, एकटा खडा तपासाल.

दुसरी अडचण वेळेची. काँक्रीट ०.२-०.३ टक्के स्ट्रेनला फुटतं. स्ट्रेन रेट १०० असला तर २० ते ३० मायक्रोसेकंदांत खेळ खलास. ५० मिमी जाडी ओलांडायला लाटेला १२-१३ मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे मागच्या टोकाला धड ताण पोहोचायच्या आत पुढचं टोक चुरगळलेलं असतं. म्हणून स्ट्राइकर आदळतो त्या तोंडावर ॲनील केलेल्या तांब्याची चकती ग्रीसने चिकटवा आणि पल्सची चढण मंद करा. दर शॉटला नवी चकती. चकतीने पल्स लांबतो, तेव्हा गेजच्या अंतराचा हिशेब पुन्हा करा.

मिळालेला डायनॅमिक वाढीचा गुणांकही (बारवरचं बळ भागिले स्थिर चाचणीतलं बळ) जपून वापरा. नमुना बाजूला फुगू पाहतो तेव्हा त्याचं स्वतःचं वस्तुमान त्याला आवळून धरतं. नमुन्याचा व्यास जितका मोठा, तितकं हे आवळणं जास्त. मोजलेल्या वाढीतला काही भाग या जडत्वाचा असतो, काँक्रीटच्या बळाचा नसतो. स्फोट किंवा धडकेसाठी इमारतीचं फायनाइट एलिमेंट मॉडेल करताना सॉफ्टवेअर जडत्व आपोआप हिशेबात घेतं. त्यावर बारवरचा कच्चा गुणांक घातला तर तीच वाढ दोनदा मोजली जाते आणि भिंत कागदावर आहे त्यापेक्षा मजबूत ठरते. आधी त्याच चाचणीचं, त्याच व्यासाच्या नमुन्याचं मॉडेल गुणांक १ धरून चालवा. त्यात जेवढी वाढ नुसत्या जडत्वाने दिसेल तेवढी मोजलेल्या वाढीतून वजा करा. उरेल तेवढाच गुणांक मटेरियल कार्डात (सॉफ्टवेअरमधल्या काँक्रीटच्या गुणधर्मांच्या नोंदीत) भरायचा.