मदत हवी आहे: भिंतीतून एसीचं पाइपिंग करायचंय, तीन कोटेशनं आलीत, काम कोणाला देऊ? (नाशिक)

नमस्कार मंडळी,

आम्ही इंदिरानगरला राहतो, पाथर्डी फाट्याकडच्या बाजूला. चौथा म्हणजे सगळ्यात वरचा मजला, डोक्यावर थेट स्लॅब, आणि बाबांच्या खोलीची एक भिंत पश्चिमेला. एप्रिल-मेमध्ये रात्री दहाला त्या भिंतीला हात लावला तरी चटका बसल्यासारखं होतं. थंडीत बरोबर उलटं, निफाडला पारा एक आकडी झाला अशी बातमी आली की आमच्याकडे बाबांची छाती भरायला लागते, स्वेटर घालून दोन पांघरुणं घेतली तरी. त्यांचं वय ७६, दमा आहे. या डिसेंबरमध्ये दोनदा मध्यरात्री नेब्युलायझर लावायची वेळ आली तेव्हा मी आणि मिस्टरांनी ठरवलं की आता घराचं काम काढलंच आहे तर त्यांच्या खोलीत हॉट अँड कोल्ड एसी आणि हॉल आणि आमच्या बेडरूमला साधे, असं एकदाच करून टाकू. बाबा सध्या ओझरला ताईकडे आहेत, पाडव्याच्या आत त्यांना घरी आणायचंय.

फरशीचं काम झालंय, भिंतींना झिरी (पाइपसाठी खाचा) मारायच्या आहेत आणि त्यानंतर गिलावा, पुट्टी, रंग. म्हणजे एसीचे कॉपर पाइप आत्ता भिंतीत जाणार आणि एकदा बुजवले की कोणी बघणार नाही. म्हणूनच मला झोप येत नाहीये.

कारण आधीचा अनुभव वाईट आहे. तीन वर्षांपूर्वी हॉलला एसी लावला तेव्हा जो माणूस आला त्याने पाइप जोडला, नट थोडा सैल केला, आतल्याच गॅसने फुस्स करून हवा बाहेर काढली, नट आवळला आणि वीस मिनिटांत गेला. मला वाटलं किती चटपटीत आहे. पुढच्या उन्हाळ्यात कूलिंग कमी. मेकॅनिक म्हणाला गॅस संपलाय, भरून दिला, पैसे घेऊन गेला. परत तेच. परत दुसरा माणूस, परत गॅस. तीन उन्हाळे तीन वेळा गॅस भरला. शेवटी शेजारच्या काकूंनी एका वयस्कर मेकॅनिकला पाठवलं, त्यांनी गॅसच्या बाटलीला हातच लावला नाही, साबणाचा फेस करून आधी आऊटडोअरच्या (एसीच्या बाहेरच्या युनिटच्या) नटावर लावला आणि बुडबुडे दाखवले. म्हणाले, ताई हा काय गाडीतला पेट्रोल नाही जाळून संपायला, तोच गॅस आतल्या आत फिरत असतो, कमी झाला म्हणजे कुठून तरी निघून चाललाय. मला हे तीन वर्षं एकाही माणसाने सांगितलं नव्हतं. ते काका आता गावी गेलेत, नाहीतर हा धागा काढलाच नसता.

आता कोटेशनं.

पहिलं शोरूमवाल्यांचं. तीन एसी आणि फिटिंग मिळून १,६२,००० रुपये. कंपनीचा माणूस लावून देणार, पण भिंतीतलं पाइपिंग "फुटावर, जेवढं लागेल तेवढं". पाइपची जाडी किती, इन्सुलेशन कोणतं, काहीच लिहिलेलं नाही. घर बघायला कोणी आलं नाही, फोनवर खोलीचं माप विचारलं आणि बाबांच्या १० बाय ११ च्या खोलीला एक टन पुरे म्हणाले.

दुसरा कॉन्ट्रॅक्टर मिस्टरांच्या ऑफिसमधल्या एकाने सांगितलेला. एसी आपण घ्यायचे, पाइपिंग, ड्रेन (एसीचं पाणी बाहेर नेणारा पाइप), फिटिंग मिळून ४८,५०० रुपये. हा माणूस टेप घेऊन आला, पाऊण तास होता, ऊन कुठल्या खिडकीतून येतं विचारलं, गच्चीवर जाऊन आला, बाबा खोलीत दिवसभर असतात की फक्त रात्री हेही विचारलं. बाबांच्या खोलीला दीड टन म्हणाला. कागदावर सगळं लिहून दिलंय. पण अ‍ॅडव्हान्स ६० टक्के मागतो आणि तारीख पक्की देत नाही, म्हणतो कुंभमेळ्याची कामं चालू आहेत, पोरं मिळत नाहीत.

तिसरा आमच्या इंटिरिअरवाल्यांचा माणूस. २९,००० मध्ये सगळं धरून, उद्या सकाळी काम चालू करतो म्हणाला. कोटेशन म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर चार ओळी. सगळ्या खोल्यांना दीड टन टाका ताई, विचार करू नका.

फरक एवढा मोठा आहे की मिस्टर म्हणतात तिसऱ्याला देऊन टाक, गवंडी बसून आहे त्याचा रोज चालू आहे. मला दुसरा माणूस बरा वाटतोय पण नुसतं बरा वाटतो म्हणून ६० टक्के कसे देऊ. भिंत बुजवायच्या आधी काम नीट झालंय की नाही हे माझ्यासारख्या बाईला कसं कळणार, कोणती गोष्ट डोळ्यांनी बघता येते? आणि बाबांसाठी हॉट अँड कोल्ड खरंच घ्यावा का की साधा एसी आणि वेगळा हीटर? दोनच महिन्यांची थंडी असते म्हणून सगळे हीटरच सांगतात. कृपया नाशिकमधल्या लोकांनी लवकर सांगा, शनिवारपर्यंत ठरवायचंय. कोणाचा नंबर इथे उघड टाकू नका, फक्त काय बघायचं ते सांगा.

नाशिकरोडकर (उत्तर)

ताई, आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी भिंतीतून केलंय म्हणून लिहितो. एक गोष्ट पक्की धरा, भिंतीच्या आत पाइपला जोड नको. इनडोअरपासून आऊटडोअरपर्यंत सलग एकच तुकडा. तुकडे उरले की जोडून वापरायची सवय असते काही जणांना, आणि गळती झाली तर पुष्कळदा जोडावरच होते. दुसरं, गिलाव्याच्या आधी पाइपची टोकं बंद करून आत नायट्रोजन भरायला सांगा, गेज (दाब दाखवणारं मीटर) लावून २४ तास तसंच ठेवायचं. काटा खाली आला तर गळती आहे. हे करायला तयार नसेल त्याला काम देऊ नका, मग तो फुकट का करत असेना. आणि झिरी उघडी असताना प्रत्येक भिंतीचे फोटो काढा, शेजारी टेप धरून. पुढे खिळा ठोकताना नाहीतर पाइपला भोक पडेल, आमच्या वरच्यांचं झालंय तसं.

तिसऱ्या माणसाला फक्त एवढंच विचारा की नायट्रोजनची बाटली आहे का. काय उत्तर येतं त्यावर ठरवा.

सातपूरवाला

मी याच लाइनमध्ये आहे, एमआयडीसीत नोकरी करतो, घरगुती कामं घेत नाही त्यामुळे माझा काही स्वार्थ नाही.

तुमच्या आधीच्या माणसाने जे फुस्स केलं ते चुकीचं होतं, आणि आताच्या एसीत तर धोक्याचं आहे. नव्या एसीत बहुतेक आर-३२ गॅस येतो आणि तो पेट घेऊ शकतो. पाइपमधली हवा आणि ओल काढायला व्हॅक्यूम पंपच लागतो. पंप निदान वीस-पंचवीस मिनिटं चालवायचा, मग बंद करून दहा-पंधरा मिनिटं काटा जागेवर राहतो का बघायचं, मगच आऊटडोअरचे व्हॉल्व्ह उघडायचे. ओल आत राहिली तर कॉम्प्रेसर आज जाणार नाही, दोन-तीन वर्षांनी जाईल आणि तेव्हा हा माणूस फोन उचलणार नाही. माणूस पंप न घेता आला तर दारातूनच परत पाठवा.

टनाचं म्हणाल तर एक टन म्हणजे तासाला १२,००० बीटीयू (उष्णतेचं एकक) उष्णता बाहेर काढायची ताकद. खोलीचं नुसतं क्षेत्रफळ धरलं तर ११० चौरस फुटांना एक टन पुरतो, शोरूमवाला तेच बोलला. पण वर तापलेला स्लॅब आणि पश्चिमेची भिंत असेल तर मे महिन्यात एक टन दुपारभर धापा टाकत राहील. दीड टनाचा इन्व्हर्टर एसी घ्या, गरज नसेल तेव्हा तो स्वतः हळू चालतो. सोसायटी परवानगी देत असेल तर गच्चीला पांढरा हीटप्रूफ कोट मारून घ्या, फरक जाणवतो.

नायट्रोजन टेस्टबद्दल एक सांगतो नाहीतर घाबराल. सध्या आपल्याकडे दुपार आणि पहाट यात वीस अंशांचा फरक पडतो. दुपारी ४०० पीएसआय (दाबाचं एकक) भरलं तर पहाटे काटा पंचवीस-तीसने खाली दिसेल, ती गळती नाही, गॅस थंड होऊन आकसलेला असतो. म्हणून ज्या वेळी भरलं त्याच वेळी दुसऱ्या दिवशी बघायचं. दुपारी परत तिथेच आला तर लाइन ठीक.

कागदावर हे लिहून घ्या: कॉपरची जाडी, नायट्राइल रबरचं इन्सुलेशन किती एमएमचं आणि दोन्ही पाइपांना वेगवेगळं, ड्रेनला उतार, प्रत्येक एसीला स्वतंत्र एमसीबी (जास्त करंट आला की आपोआप पडणारा स्विच) आणि अर्थिंग. ड्रेन बुजवण्याआधी बादलीभर पाणी ओतून बघा, हे तर कोणालाही कळतं. आणि चौथ्या मजल्यावर आऊटडोअर लावायला जो पोरगा बाहेर लटकेल त्याला सेफ्टी बेल्ट आहे का ते विचारा. बेल्टशिवाय चढू देऊ नका, कितीही घाई असली तरी.

अ‍ॅडव्हान्स ६० टक्के जास्त आहे. सामान आणल्यावर ३०, टेस्ट पास झाल्यावर ४०, एसी चालू करून दिल्यावर उरलेले, असं बोलून बघा. चांगला माणूस ऐकतो.

गंगापूर रोडवाली

माझ्या सासूबाईंना पण दमा आहे म्हणून फक्त हीटरबद्दल लिहिते. २,००० वॉटचा हीटर तासाला दोन युनिट खातो, रात्री सहा तास लावला तर बारा. हॉट अँड कोल्ड एसी वीज जाळून उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढतो, त्यामुळे तेवढ्याच विजेत साधारण तिप्पट ऊब मिळते, आणि आपल्या नाशिकच्या थंडीत तो व्यवस्थित चालतो. महावितरणचे ३०० युनिटच्या पुढचे दर बघा म्हणजे दोनच महिन्यांची थंडी हा हिशोब बदलेल. हवा कोरडी होते हे मात्र खरं, डॉक्टरांना विचारून घ्या, आणि जाळ्या दर पंधरा दिवसांनी धुवा. इनडोअर पलंगाच्या डोक्यावर लावू नका, झोत अंगावर यायला नको.

अजून एक, हीटिंगवर चालताना पाणी आऊटडोअरमधून ठिबकतं. त्यालाही पाइप लावायला सांगा नाहीतर खालचे लोक जानेवारीत भांडायला येतील, आमच्याकडे आले होते.

आणि पहिल्या कोटेशनमध्ये जीएसटी किती लावलाय ते बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवर २८ चे १८ टक्के झालेत.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोण कोणासाठी लिहितं. शोरूमच्या कागदावर खरंच २८ टक्के आहे, जुनाच फॉर्म वापरलाय. आता फोन केला तर बदलून देतो म्हणाले. इंटिरिअरवाल्यांच्या माणसाला नायट्रोजनचं विचारलं तर म्हणाला ताई घरगुती कामाला एवढं कोणी करत नाही, आम्ही गॅसनेच चेक करतो. दुसऱ्याला विचारलं तर म्हणाला ते मी करतोच, गेज तुमच्याकडे ठेवून जातो. पैशाचं ३०-४०-३० ला तयार झाला. तारीख मात्र पुढच्या बुधवारचीच, म्हणून गवंड्याला तोवर बाथरूमच्या कामाला लावलंय.

धागाकर्ती (नऊ दिवसांनी)

पाइप टाकून झाले. काल दुपारी तीनला तिन्ही लाइन ४०० ला भरल्या. सकाळी साडेसहाला उठून पहिल्यांदा गेज बघितले, बाबांची खोली ३७५, आमची बेडरूम ३७४, हॉल ३१०. सातपूरवाल्या दादांनी आधी सांगितलं नसतं तर तिन्ही बघून रडले असते. दुपारी तीनला पहिल्या दोन परत ३९८ वर आल्या, हॉलची २९० ला गेली.

कॉन्ट्रॅक्टर संध्याकाळी आला, फेस लावत लावत गेला आणि खिडकीखाली जिथे पाइप वाकवलाय तिथे बुडबुडे आले. वाकवताना पाइप चेपून बारीक चीर गेली होती. मी म्हटलं तेवढाच तुकडा कापून जोडणार का, तर तोच म्हणाला नाही ताई, भिंतीत जोड नको, अख्खी लाइन नवीन टाकतो, माझ्या पोराची चूक आहे पैसे लागणार नाहीत. उद्या टाकतोय, परत २४ तास. गवंड्याला सोमवारी बोलावलंय.

बाबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले पाडव्याला गुढी मात्र मीच उभारणार.

आता एकच विचारायचं राहिलं, आऊटडोअर पश्चिमेच्या छज्ज्यावर बसवायचाय आणि तिथे दुपारी दोनपासून ऊन असतं. वर पत्र्याची सावली केली तर चालेल का, आणि हवा खेळायला किती जागा सोडू?